परळची चिठ्ठी

स्तनाचा कर्करोग हा विषय शाळेच्या वार्षिकात यावा की न यावा, याविषयी आमच्या घरीच मतभेद झाला. वडील मंडळींपैकी एकाने सुचविले की, कर्करोगावरच लिहावयाचे तर तंबाखूविषयी लिहावे. त्यात मुलांस बोधही आहे आणि कोणास संकोचही नाही. सूचना वाईट नव्हती. परंतु आमचे म्हणणे असे की, मुंबईतील स्त्रियांस होणाऱ्या सर्व कर्करोगांत जो आज पहिल्या क्रमांकावर आहे, त्याचे नावच ज्या घरात काढावयाचे नाही, त्या घरात तो उशिरा सापडावयाचा हे ठरलेलेच. आमच्या घाटकोपरच्या मावशीकडे असेच घडले. तेव्हा विद्यार्थ्यांनी हा लेख वाचताना लाजू नये आणि पालकांनी तो झाकून ठेवू नये, एवढी विनंती करून आम्ही विषयास आरंभ करतो.

मावशीस ती गाठ प्रथम हाताला लागली सन २०१४ च्या जानेवारीत, स्नानाच्या वेळी. तुरीच्या दाण्याएवढी, कठीण आणि मुळीच न दुखणारी. हे शेवटचे लक्षण तिला मोठे दिलासा देणारे वाटले. यात तिचा दोष म्हणावा, तर थोडा आपल्या भाषेचाही म्हणावा लागेल. कारण आपण आजारालाच 'दुखणे' म्हणतो. जे दुखत नाही ते दुखणे कसले? वस्तुतः स्तनातील कर्काची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. आणि ज्या गाठी महिन्याच्या महिन्यास दुखतात व कमीजास्त होतात, त्यांतील पुष्कळशा निरुपद्रवी निघतात. मार्चमध्ये मावशी एकदा जवळच्या एका दवाखान्यात जाऊन आली. तेथे हातही न लावता 'उष्णतेची गाठ असेल' असे सांगण्यात आले व गोळ्यांची पुडी मिळाली. मग पाडवा गेला, पाऊस आला, आणि तुरीच्या दाण्याची सुपारी झाली.

त्याच वर्षी जून महिन्यात अंधेरीहून घाटकोपरला मेट्रो सुरू झाली. पूर्वी दादरचा वळसा घेऊन, वर्षातून चार वेळा येणारी आमची अंधेरीची मावसबहीण आता वाटेल तेव्हा आईकडे येऊ लागली. त्या गाडीचे इतर उपकार लोक मोजतीलच; आमच्या कुटुंबावर तिचा उपकार हा की, गणपतीच्या दिवसांत मोदकांचे सारण ढवळता ढवळता मावशीने लेकीस हळूच ती गोष्ट सांगितली. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुलुंडहून निघालो, ती दोघी घाटकोपरास गाडीत चढल्या, आणि तिघेही परळास उतरलो.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय दिनांक २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, ८० खाटांनिशी उघडले. ते टाटांच्या विश्वस्त निधीतून उभे राहिले. पुढे सन १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आले. इस्पितळाचा आणि अणूचा काय संबंध, असे विद्यार्थी विचारतील. किरणोत्सर्गाने रोगट पेशी जाळण्याची जी विद्या आहे, ती या दोहोंना जोडणारा दुवा होय. बाहेरच्या पदपथावर बिहार, बंगाल, विदर्भ अशा दूरदूरच्या ठिकाणांहून आलेली कुटुंबे पथारी टाकून बसलेली असतात. ज्यांस दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळते, ते स्वतःस भाग्यवान समजतात. मुलुंड-घाटकोपरच्या माणसास रात्री स्वतःच्या अंथरुणावर निजावयास मिळते, ही केवढी चैन आहे ते आम्हांस त्या दिवशी कळले.

आत गेल्यावर प्रथम एका डॉक्टरीणबाईंनी मावशीस हातांनी तपासले. बोटांच्या सपाट भागाने, कडेकडेने, काखेपर्यंत. आठ महिन्यांत प्रथमच त्या गाठीस कोणा जाणत्याचा हात लागला. नंतर मॅमोग्राफी झाली, म्हणजे क्ष-किरणांनी स्तनाचे छायाचित्र घेण्यात आले. आणि मग जाड सुईने गाठीतील तुकडा काढून तो तपासावयास गेला. सुई टोचल्याने रोग पसरतो ही समजूत आमच्या आळीत पक्की आहे. मावशीनेही ती बोलून दाखविली. बाईंनी शांतपणे सांगितले की, तुकडा पाहिल्याखेरीज रोगाचे नाव कळत नाही आणि नाव कळल्याखेरीज औषध कळत नाही.

हे 'नाव' म्हणजे काय, ते येथे सांगितले पाहिजे. कारण या रोगावरील गेल्या शंभर वर्षांच्या संशोधनाचा अर्धाअधिक सारांश त्यात आहे. स्तनामध्ये दूध तयार करणाऱ्या ग्रंथी असतात आणि ते बाहेर आणणाऱ्या बारीक नलिका असतात. बहुतेक कर्क या नलिकांच्या अस्तरातील पेशींत उपजतो. पेशीने केव्हा दुभंगावे व केव्हा थांबावे याचे नियम तिच्या जनुकांत लिहिलेले असतात. ते लिखाण बिघडले की पेशी थांबावयाचे विसरते. परंतु हा एकच रोग नव्हे. सन १८९६ मध्ये ग्लासगोच्या बीट्सन नावाच्या शस्त्रवैद्याने अशी नोंद प्रसिद्ध केली की, स्त्रीचे बीजकोश काढून टाकल्याने तिच्या स्तनातील पसरलेला कर्क मागे हटला. 'हार्मोन' हा शब्दही तेव्हा जन्मास आला नव्हता. त्याचे कारण पुष्कळ वर्षांनी उमगले. कित्येक गाठींच्या पेशींत स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन या रसास ओळखणारी कुलपे असतात. रसाची किल्ली फिरली की पेशी वाढते. अशा रुग्णास किल्ली अडविणाऱ्या किंवा ती तयारच होऊ न देणाऱ्या गोळ्या लागू पडतात. काहींत 'हर-टू' नावाचे दुसरेच कुलूप फाजील असते, त्यास निराळे औषध आहे. आणि काहींत यांपैकी एकही नसते, त्यांचा उपचार अधिक कठीण. तुकड्यास विशेष रसायन लावले म्हणजे ज्या पेशींत कुलूप आहे त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी दिसतात. मावशीच्या गाठीच्या पेशी तपकिरी निघाल्या. रोग कर्काचाच, परंतु गोळ्यांस वश होणाऱ्या जातीचा, आणि अद्याप स्तनाबाहेर दूर न गेलेला.

तुकड्याच्या निकालाची वाट पाहण्यात जे दिवस गेले, त्यांत आम्ही परळच्या या संस्थेविषयी मिळेल ते वाचून काढले. मन दुसरीकडे गुंतावे एवढाच हेतू होता. परंतु त्यातून एका मराठी स्त्रीची ओळख झाली, तिची कथा आमच्या विद्यार्थिनींनी अवश्य ऐकावी.

कमल समर्थ यांचा जन्म पुण्यास दिनांक ८ नोव्हेंबर १९१७ रोजी झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टराशीच लग्न करावे असे त्यांच्या मनात होते. मुलीने दोन्हीही केले नाही. सन १९३९ मध्ये त्यांचा विवाह गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी झाला आणि त्या मुंबईस आल्या. त्यांचा पूर्वीचा अभ्यास सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा होता. तो घेऊन त्या टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली दाखल झाल्या, आणि सन १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या डॉक्टर झाल्या, औषधे देणाऱ्या नव्हे, रोगाचे मूळ शोधणाऱ्या. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे शरीराबाहेर, काचेच्या भांड्यांत जिवंत पेशी वाढविण्याची विद्या शिकून त्या परत आल्या आणि परळास तशी प्रयोगशाळा त्यांनी थाटली. तेथे राहणे किती मानाचे झाले असते! परंतु त्या परत आल्या.

त्यांचे मोठे काम उंदरांवरचे आहे. ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. सन १९३६ मध्ये अमेरिकेतील बिट्नर या शास्त्रज्ञाने दाखविले की, ज्या जातीच्या उंदरिणींस स्तनाचा कर्क हटकून होतो, त्यांची पिले जन्मताच उचलून निरोगी जातीच्या उंदरिणीस पाजावयास दिली, तर त्यांच्यात तो रोग पुष्कळ कमी होतो. दोष दुधातून येत होता. तो एक विषाणू आहे हे मागाहून सिद्ध झाले. रणदिवे यांनी परळास उंदरांच्या अशाच जाती पाळून अनुवंश, हार्मोन आणि विषाणू यांचा या रोगात कोणाचा किती वाटा, याचा वर्षानुवर्षे छडा लावला. (आयांनी येथे भिऊ नये. मनुष्याच्या बाबतीत असा दुधातून येणारा विषाणू सिद्ध झालेला नाही. उलट बाळास अंगावर पाजल्याने आईस हा रोग होण्याचा संभव थोडा कमीच होतो, असे सन २००२ साली अनेक देशांची माहिती एकत्र करून दाखविण्यात आले आहे.) डॉ. कमल रणदिवे सन १९६६ ते १९७० या काळात तेथील संशोधन संस्थेच्या प्रमुख होत्या, सन १९७३ मध्ये भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांची संघटना स्थापण्यात त्यांनी पुढाकार घेतला, सन १९८२ मध्ये त्यांस पद्मभूषण मिळाले, आणि सन २००१ मध्ये त्या निवर्तल्या. ती संशोधन संस्था आता नव्या मुंबईत खारघरास आहे.

परंतु उंदरांवरून माणसांकडे येताना मोजदाद करावी लागते. सन १७१३ मध्ये इटलीतील रामाझिनी या वैद्याने मठवासी जोगिणींत हा रोग इतर स्त्रियांहून अधिक आढळतो असे नमूद केले होते; मूल होणे न होणे यांच्याशी रोगाचा काही संबंध आहे, याची ती पहिली चाहूल. आपल्या मुंबईत सन १९६३ पासून कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवण्यास आरंभ झाला. भारतातील अशी ती पहिली नोंदवही. तिच्यात पारशी स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्काचे प्रमाण इतरांहून उठून दिसले. ज्या समाजात लग्ने उशिरा आणि मुले थोडी, त्यात हा रोग जास्त. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सन १९८७ मध्ये खेड्यांसाठी नोंदवही उघडली. तेथे हाच रोग मुंबईच्या मानाने बराच कमी निघाला. याचा अर्थ मुलींनी शिकू नये किंवा लवकर लग्न करावे असा कोणी काढील, तर तो शहाणपणाचा नव्हे. अर्थ एवढाच की, शहराची राहणी आली म्हणजे तिच्याबरोबर हा पाहुणाही येतो, आणि शहराने त्याची ओळख ठेवली पाहिजे.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. अमेरिकेतील हॅल्स्टेड या शस्त्रवैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी पद्धत घालून दिली, तीत संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी एकदम कापून काढीत. जितके अधिक कापावे तितका रोग दूर, असा तो हिशेब. सत्तर-ऐंशी वर्षे जगभर स्त्रियांनी तो सोसला. तो खरा आहे काय, हे तपासण्याचा मार्ग एकच होता, आणि तो मनास मोठा विचित्र वाटतो: चिठ्ठ्या टाकणे. निम्म्या स्त्रियांचा संपूर्ण स्तन काढावयाचा, निम्म्यांची गाठ किंवा स्तनाचा तेवढाच भाग काढून किरण द्यावयाचे. कोणती स्त्री कोणत्या गटात, हे डॉक्टराने ठरवावयाचे नाही, रुग्णानेही नाही. डॉक्टराने ठरविले तर तो नकळत अशक्त रोगी एकीकडे आणि सशक्त दुसरीकडे घालील, आणि मग हिशेबावर विश्वास कसा ठेवावा? मिलान येथे व्हेरोनेसी यांनी सन १९७३ पासून आणि अमेरिकेत फिशर यांनी सन १९७६ पासून असे प्रयोग केले. वीस वर्षे वाट पाहून सन २००२ मध्ये दोघांनीही निकाल जाहीर केला: आयुष्याच्या दृष्टीने दोन्ही गट सारखेच. ज्या स्त्रियांनी त्या चिठ्ठीस मान दिला, त्यांची नावे कोठे छापलेली नाहीत.

मावशीचा स्तन वाचला तो त्यांच्यामुळे. डॉक्टरांनी केवळ गाठ व तिच्या भोवतीचा भाग काढण्याचे ठरविले. आणि शस्त्रक्रियेच्या आधी एक संमतिपत्र तिच्यापुढे आले.

डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांचे सहकारी यांनी एक प्रयोग चालविला होता. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठीस धक्का लागतो, आणि त्या क्षणी काही पेशी चेतून निसटत असाव्यात, अशी शंका होती. दंतवैद्य दात काढण्यापूर्वी हिरडीत टोचतात ते लिडोकेन नावाचे बधिर करणारे औषध. ते गाठीच्या भोवताली शस्त्रक्रियेपूर्वी ७ ते १० मिनिटे टोचले, तर या पेशी गप्प बसतील काय? औषध जुने, सगळीकडे मिळणारे, किंमत थोडक्या रुपयांची. निम्म्या स्त्रियांस ते द्यावयाचे, निम्म्यांस नाही. बाकी उपचार दोघींसही सारखे. हल्ली चिठ्ठ्यांचे हे काम संगणक करतो, परंतु मावशीने त्यास अखेरपर्यंत चिठ्ठीच म्हटले.

मावसबहीण रागावली. "माझ्या आईवर प्रयोग कशाला?" असे ती म्हणाली, आणि तिचे बोलणे आम्हांस अगदीच चुकीचे वाटले नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितले, "नाही म्हटलेत तरी उपचारात काडीचा फरक पडणार नाही. सुईने फायदा होतो की नाही हे आम्हांसच ठाऊक नाही. ठाऊक असते तर चिठ्ठी टाकली नसती." मावशीने तो कागद दोनदा वाचून घेतला. ती सातवीपर्यंत शिकलेली. मग म्हणाली, "घाटकोपरच्या भिशीत मी इतकी वर्षे चिठ्ठी काढते, कधी पहिली लागली नाही. ही तरी बघू." आणि तिने सही केली. चिठ्ठीत सुई निघाली नाही. शस्त्रक्रिया झाली, पुढे केमोथेरपी, किरण आणि पाच वर्षे रोज एक गोळी. केस गेले, परत आले, आणि पूर्वीपेक्षा कुरळे आले याचे तिला विशेष कौतुक.

याच परळच्या मंडळींनी त्याहून कितीतरी मोठी चिठ्ठी आधीच टाकलेली होती, हे आम्हांस मागाहून कळले. सन १९९८ मध्ये डॉ. इंद्रनील मित्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील २० वस्त्या निवडल्या. त्यांत ३५ ते ६४ वर्षांच्या १,५१,५३८ स्त्रिया होत्या, बहुतेक गरीब घरच्या. दहा वस्त्यांत दर दोन वर्षांनी, चार वेळा, घरच्या जवळच स्त्रियांची हातांनी तपासणी केली. उरलेल्या दहांत केवळ रोगाची माहिती सांगितली. तपासणारे हात डॉक्टरांचे नव्हते. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांस काही आठवडे शिकवून हे काम सोपविले होते. मॅमोग्राफीची यंत्रे गावोगाव नेणे आपल्या देशास परवडणारे नाही. बोटे मात्र सर्वांस आहेत.

वीस वर्षांनंतरचा निकाल सन २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या वस्त्यांत रोग सापडला तेव्हा तो पुढच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या पायरीवर असण्याचे प्रमाण शेकडा ३७ होते, दुसरीकडे शेकडा ४७. पन्नाशी व त्यापुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ शेकडा ३० नी घटले. सर्व वयांच्या स्त्रिया एकत्र धरल्या तर घट शेकडा १५ दिसली, पण ती योगायोगानेही आलेली असू शकेल इतकी अशक्त. आणि पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांस फायदा झाल्याचे दिसले नाही. हेही त्यांनी जसेच्या तसे छापले. संशोधकाच्या प्रामाणिकपणाची आमच्या मते ही खूण आहे. या मोठ्या प्रयोगात गर्भाशयमुखाच्या कर्काचीही तपासणी होती, आणि ज्या वस्त्यांत केवळ माहिती दिली त्या स्त्रियांवर अन्याय झाला नाही काय, असा आक्षेप काहींनी घेतला. आक्षेप हलका नाही. तपासणीची सोय मुळात कोणासच नव्हती, त्यातून निम्म्यांस मिळाली, असे एका बाजूस म्हणता येते; वीस वर्षे नुसते मोजत बसणे जड जाते, असे दुसऱ्या बाजूस. आम्ही याचा निवाडा करू शकत नाही.

लिडोकेनच्या प्रयोगाचा निकाल सन २०२२ मध्ये जाहीर झाला व पुढील वर्षी छापून आला. देशातील ११ केंद्रांवरच्या १,६०० स्त्रिया त्यात होत्या. पाच वर्षांनंतर, सुई टोचलेल्यांपैकी शेकडा ९०.१ जिवंत होत्या. न टोचलेल्यांपैकी शेकडा ८६.४. शंभरांमागे सुमारे चौघींचा फरक, तोही दंतवैद्याच्या औषधाने! एका प्रयोगावर सर्वस्वी विसंबू नये, त्याचा पडताळा इतरत्रही पाहिला जावा हे खरे. तथापि ती बातमी वाचून आम्ही बराच वेळ वर्तमानपत्र हातात धरून बसलो होतो. मावशी न टोचलेल्यांतली होती.

तिला सांगावे की न सांगावे, यावर पुन्हा मतभेद झाला. अखेर एका रविवारी आम्ही घाटकोपरास जाऊन सांगितले. तिने आकडे नीट विचारून घेतले. "म्हणजे ज्यांना सुई दिली त्या जास्त वाचल्या," ती म्हणाली, "आणि त्या जास्त वाचल्या हे कशावरून कळले? आमच्यावरून." मग थोडा वेळ ती तांदूळ निवडीत राहिली. आम्हांस वाटले, तिला वाईट वाटले असावे. तिने मान वर करून विचारले, "तिसऱ्या मजल्यावरच्या सुनबाईचे ऑपरेशन पुढल्या महिन्यात आहे ना? परळला नाही, दुसरीकडे कुठे तरी. त्या औषधाचे नाव मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून दे. तिच्या डॉक्टरांना दाखवावयास सांगते."

आम्ही 'लिडोकेन' असे लिहून दिले. तिने ते चष्मा लावून वाचले आणि त्याखाली 'टाके घालण्यापूर्वी नव्हे, कापण्यापूर्वी' असे स्वतःच्या हाताने जोडले.